जुन्या इंजिनाला मोठा पिस्टन



मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक तरुण माझ्याकडे आला. पंचवीसेक वर्षांचा असेल. वारणेकाठचा राहणारा, घरची उसाची शेती. त्याच्या आजोबांनी तरुणपणी जुनाच विकत घेतलेला एक राखाडी रंगाचा फर्ग्युसन ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या छपरात वीस-बावीस वर्षं उभा होता. कोंबड्या त्याच्यावर बसायच्या. नातवाच्या मनात आलं, की हा ट्रॅक्टर पुन्हा चालवायचा. आणि चालवायचाच, तर पूर्वीपेक्षा जोरदार चालवायचा. मला म्हणाला, "सर, इंजिन उघडायचंच आहे, तर पिस्टनच मोठे घालतो. ताकद वाढेल ना?"

मी कारखानाशाळेत इंजिनं शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. हा प्रश्न मला शंभर वेळा तरी कुणी ना कुणी विचारलेला आहे. त्याचं उत्तर 'हो' असं आहे. पण त्या 'हो'च्या मागे जे काही येतं, ते ऐकायला थांबणारे थोडे असतात. हा पोरगा थांबला. म्हणून आज त्याची गोष्ट तुम्हांला सांगतो.

आता तुमच्यापैकी ज्यांनी मोट पाहिली आहे, त्यांनी मोटच डोळ्यांपुढे आणावी. मोटेत मावेल तेवढंच पाणी एका खेपेला वर येणार. मोट मोठी केली, की खेपेला पाणी जास्त. इंजिनाच्या सिलिंडरचंही तसंच आहे. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत ओढतो. सिलिंडर जेवढा रुंद, तेवढं मिश्रण जास्त. मिश्रण जास्त, तेवढा भडका मोठा. पण मोट मोठी केल्यावर नाडा तोच ठेवून चालेल का? बैल तेच, चाक तेच, थारोळं तेवढंच, असं असेल तर काय होईल, ते मोट हाकलेल्या माणसाला मी सांगायला नको.

शिक्षकमित्रांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावं. सातवी-आठवीच्या मुलांना वर्तुळाचं क्षेत्रफळ येतं, पण ते कशाला शिकायचं हे पुष्कळदा कळत नाही. हा फर्ग्युसन टीई-२० इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात बनत असे. पाच लाखांवर ट्रॅक्टर तिथून बाहेर पडले. त्याला जे स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन बसवत, त्याचा सिलिंडर आधी ८० मिलिमीटर रुंदीचा होता आणि पिस्टनची धाव ९२ मिलिमीटर. चार सिलिंडर. मुलांना गुणाकार करू द्या. उत्तर १८५० घन सेंटिमीटरच्या जवळ येईल. पुढे काही वर्षांनी कारखान्यानेच सिलिंडर ८५ मिलिमीटरचा केला. धाव तीच. पुन्हा गुणाकार केला, तर २०८८ येतात. रुंदी वाढली पाचच मिलिमीटर, म्हणजे शेकडा सहा. आकारमान मात्र वाढलं शेकडा तेरा. असं का, हे मुलांनाच विचारा. वर्ग करायचा असतो म्हणून, हे एखादा तरी चटकन सांगेल.

शक्ती सुमारे २४ अश्वशक्तीवरून २८ च्या आसपास गेली. याच घराण्यातलं इंजिन, ८३ मिलिमीटरचं, १९५३ साली ट्रायंफच्या टीआर-२ या शर्यतीच्या धर्तीच्या मोटारीत बसलं, आणि पुढे ८६ मिलिमीटरचंही झालं. नांगर ओढणारं इंजिन आणि दोन माणसांना घेऊन वाऱ्यासारखं पळणारं इंजिन एकाच आईची लेकरं!

अमेरिकेतही हेच झालं. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा फार्मॉल एम हा लाल ट्रॅक्टर १९३९ साली आला, तेव्हा त्याचा सिलिंडर पावणेचार इंचांहून एक अष्टमांश इंच जास्त होता. १९५२ साली सुपर एम आला, त्यात पुरा चार इंच. तिथले शेतकरी तर कंपनीची वाट न पाहता बाहेरून मोठे पिस्टन विकत घेऊन घालत. आणि आपल्या जवळचं उदाहरण सांगायचं, तर मुंबईत कांदिवलीला १९६३ साली निघालेल्या कारखान्यातून जो इंटरनॅशनल बी-२७५ बाहेर पडू लागला, त्याच्या डिझेल इंजिनाचा सिलिंडर तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंचांचा. त्याच घराण्यातलं बी-४१४ चं इंजिन साडेतीन इंचांचं. धाव दोन्हींची चार इंचच. तेव्हा पिस्टन मोठा करणं ही काही चोरटी युक्ती नव्हे. कारखाने तेच करीत आले. फरक एवढाच, की कारखान्याने करताना बाकीच्या सगळ्या गोष्टींचा हिशेब केलेला असतो, आणि आपण करताना तो करायचा राहून जातो.

एक गोंधळ मात्र आधीच दूर करतो. आपल्याकडे गॅरेजात 'ओव्हरसाईज पिस्टन' म्हणतात तो बहुधा निराळाच असतो. इंजिन चालून चालून सिलिंडर झिजतो, वर रुंद आणि खाली अरुंद असा होतो. मग मेस्त्री बोअर मारून तो सरळ करतो आणि दहा, वीस, तीस किंवा चाळीस 'थाऊ' मोठा पिस्टन घालतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. ८० मिलिमीटरच्या सिलिंडरात त्याने आकारमान शेकडा सव्वा इतकंच वाढतं. तरीही शेतकरी घरी जाऊन सांगतो, "ओव्हरसाईज टाकलं, बघा कसा पळतोय!" तो खोटं बोलत नाही. ट्रॅक्टर खरंच पळतो. पण ती ताकद मोठ्या पिस्टनची नव्हे. रिंगा नव्या झाल्या, दाब जो शेजारून निसटत होता तो निसटायचा थांबला, गेलेली ताकद परत आली. म्हणून मी त्या पोराला पहिली गोष्ट ही सांगितली, की तुझा ट्रॅक्टर नुसता नीट बांधलास, तरी तुला वाटेल की तो दुप्पट जोरदार झाला. आधी तेवढं कर. मग बघू.

पण त्याचं नशीब असं, की फर्ग्युसनच्या या इंजिनाला ओले लायनर असतात. ओला लायनर म्हणजे काय? काही इंजिनांत सिलिंडर हे ब्लॉकच्या ओतीव लोखंडातच कोरलेलं भोक असतं. तिथे मोठा पिस्टन घालायचा, तर भिंत कापावी लागते. भिंतीच्या पलीकडे पाणी खेळतं. जुन्या ब्लॉकात पाण्याच्या बाजूने गंजाने खड्डे पडलेले असतात आणि ते वरून दिसत नाहीत. बोअर मारता मारता हत्यार पाण्यात गेलं, म्हणजे ब्लॉक भंगारात गेला. असे ब्लॉक मी पाहिलेले आहेत. आता मोठ्या शहरांतल्या कारखान्यांत ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजायचं यंत्र असतं. जिथे दुसरा ब्लॉक मिळायची आशा नाही, तिथे बोअर मारण्याआधी ते मोजून घ्यावंच. चार ठिकाणी मोजावं, वर-खाली मोजावं.

ओल्या लायनरमध्ये तसं नाही. तिथे सिलिंडर म्हणजे सुटी नळी असते. ती ब्लॉकात वरून उतरवतात. वर कॉलर, खाली बैठक, आणि मधल्या भागाला पाणी थेट लागतं. तेव्हा मोठा सिलिंडर पाहिजे, तर नळीच मोठी आणायची. बाहेरची बैठक जुळली, म्हणजे झालं. ब्लॉकला हत्यार लावायचं कारण नाही. मात्र दुकानात जाताना ब्लॉकचा नंबर आणि जुना लायनर दोन्ही बरोबर न्यावेत. 'फर्ग्युसनचा सेट द्या' एवढंच सांगून आणलेला सेट घरी येऊन बसला नाही, असं पुष्कळदा घडतं.

आता माझीच एक चूक सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कोरडवाहू गावातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन मी बांधलं होतं. तेही ओल्या लायनरचं. शाळेत मुलांना शिकवत होतो, आणि सुटीत असं एखादं काम घ्यायचो. लायनर उतरवण्याआधी खालची बैठक घासून लख्ख करायची असते. चारपैकी तीन मी केल्या. चौथ्याच्या वेळी दिवस मावळला होता, कंदील लावून बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हटलं, झालं. तिथे गंजाची एक खपली राहिली. फार नाही, नखाएवढी. त्या खपलीमुळे तो लायनर शेजाऱ्यांपेक्षा किंचित वर उभा राहिला. हेड आवळलं, तेव्हा ते त्याच्यावरच टेकलं, आणि शेजारच्या लायनरपाशी गॅस्केट दबलंच नाही. दोन दिवस ट्रॅक्टर छान चालला. तिसऱ्या दिवशी ऑइलची काडी ओढून पाहिली, तर ऑइल ताकासारखं पांढुरकं. पाणी ऑइलात उतरलं होतं. तोवर बेअरिंगं गेली होती.

ते सप्टेंबरअखेरचे दिवस होते. रबीच्या ज्वारीचा वाफसा आला होता. कोरडवाहू जमिनीत वाफसा किती दिवस थांबतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. नवी बेअरिंगं शहरातून यायला आठ दिवस लागले. त्या शेतकऱ्याने भाड्याचे बैल शोधले, तेही अर्ध्याच रानाला पुरले. उरलेलं रान त्या वर्षी पडीक राहिलं. तो मला एक शब्द बोलला नाही. मजुरीही दिली. ती मी घेतली नाही, पण त्याने काय होतं?

तेव्हापासून मी पट्टी आणि फिलर गेज घेतल्याशिवाय लायनर बसवत नाही. लायनरची कड ब्लॉकच्या सपाटीपेक्षा थोडी वर पाहिजे. या इंजिनात सुमारे तीन ते पाच थाऊ. आणि चारही सारख्या उंचीवर पाहिजेत. कमी असेल, तर गॅस्केट दबत नाही. जास्त असेल, तर शेजारचं दबत नाही. दुसरं असं, की हेड काढलेलं असताना क्रँक फिरवायचा, तर आधी लायनर वरून पट्ट्यांनी दाबून धरावेत. नाहीतर पिस्टनबरोबर लायनर उचलला जातो आणि खालचं पॅकिंग फाटतं. हे दिसत नाही. पाणी भरल्यावर दिसतं.

असो. त्या पोराने इंजिन माझ्या देखरेखीखाली उतरवलं. शनिवार-रविवार येत असे. जुने लायनर निघाले, तेव्हा ब्लॉकच्या तळाशी चार बोटं गाळ साचलेला होता. तुमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं असेल, तर रेडिएटरमध्ये ते घालू नका, हे मी कितीदा सांगतो! गाळ काढला, ब्लॉक धुतला, पाहिला. चीर नव्हती. मग प्रश्न आला, ८५ चेच लायनर, की त्याहून मोठे? बाजारात ८७ मिलिमीटरचेही सेट मिळतात. त्याला ८७ चा मोह. मी कागदावर एक रेघ काढून दाखवली. दोन सिलिंडरांच्या मध्यांतलं अंतर कारखान्याने ठरवलेलं आहे. ते काही वाढत नाही. भोकं रुंद होत गेली, की मधली वाट तेवढीच अरुंद होत जाते. दोन शेतांमधल्या बांधासारखं आहे ते. दोन्हीकडून नांगरत गेलं, तर बांध उरतो किती? आणि गॅस्केटला टेकायला तो बांधच असतो. शिवाय आकारमान ८५ च्या मानाने वाढणार शेकडा पाचही नाही. पोरगा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पंच्याऐंशी."

मोठा पिस्टन घातल्यावर आणखी एक गोष्ट आपोआप घडते, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हेडमधली खोलगट जागा, जिथे मिश्रण दाबलं जातं, ती तेवढीच राहते. सिलिंडर मात्र मोठा झाला. म्हणजे जास्त मिश्रण तेवढ्याच जागेत कोंबलं जातं. आधी दाबाचं प्रमाण सहास एक असेल, तर ते साडेसहाच्या वर जातं. ताकद वाढण्यात याचाही वाटा असतो. या इंजिनांच्या काळात पेट्रोल हलकं असे, म्हणून त्यांचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला. आजच्या आपल्या पेट्रोलला साडेसहा म्हणजे काहीच नाही. पण ज्यांचं जुनं इंजिन पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या जातीचं आहे, त्यांनी जपावं. रॉकेल दाब सोसत नाही. इंजिन आतून घण मारल्यासारखं ठोकू लागतं आणि पिस्टनचं डोकं फुटतं.

डिझेलवाल्यांना वेगळं सांगतो. डिझेलमध्ये पिस्टन मोठा केला, म्हणजे हवा जास्त येईल. पण डिझेल किती जायचं ते पंप ठरवतो. पंप तसाच ठेवला, तर ताकद जवळजवळ तेवढीच. आणि पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं, तर धूर काळा, पाणी गरम, आणि खर्च तुमचा. पंप बाकावर लावून तपासणारा माणूस हातात नसेल, तर डिझेल इंजिनाच्या बाबतीत या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं काम नेहमीचंच. पिस्टन मोठा, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा जोरही शेकडा तेराने जास्त. तो सगळा कॉनरॉडमधून बेअरिंगवर येतो. म्हणून क्रँक मोजून घेतला. वीस थाऊ घासावा लागला आणि त्याला वीस थाऊ अंडरसाईज बेअरिंगं आली. (इथे विद्यार्थी हमखास चुकतात. पिस्टन ओव्हरसाईज, बेअरिंग अंडरसाईज. ते नाव दांडा बारीक झाला म्हणून.) चार पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलले, सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांत चार ग्रॅमचा फरक निघाला, जडांच्या आतल्या कडा कानशीने घासून तो मिटवला. रिंगा लायनरमध्ये घालून त्यांच्या तोंडातली फट पाहिली, तेरा थाऊ. फट कमी असली, तर रिंग तापून लांबते, टोकं एकमेकांना भिडतात आणि लायनर खरवडून निघतो. कार्ब्युरेटरची जेट बदलली. पहिल्यांदा इंजिन चालल्यावर प्लग काढून पाहिले, ते पांढरे होते. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी. आणखी एक जेट मोठी घातली, मग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग आला.

आणि ताकद वाढली. पण किती वाढली, हे कानाने ठरवू नये. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जुन्या काळी विक्रेते ट्रॅक्टरच्या शक्तीबद्दल वाटेल ते सांगत. म्हणून १९१९ साली तिथे कायदा झाला, की चाचणी झाल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२० पासून तिथल्या विद्यापीठात ट्रॅक्टरांना ब्रेक लावून मोजतात. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला तसं काम चालतं. घरच्या घरी एवढंच करता येतं: तोच नांगर, तेच रान, तोच गिअर, तेवढीच खोली, आणि घड्याळ.

पोराने ते केलं. पहिल्याच तासाला एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, की कठीण रानात इंजिन दमत नव्हतं, चाकं फिरत होती. टीई-२० हलका ट्रॅक्टर आहे, हजार-बाराशे किलोचा. चाकांवर जेवढं वजन, तेवढीच ओढ. इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोचवायला वजन लागतं. तेव्हा त्याला वाटलं, की साखळी जरा वर बांधली तर चाकं धरतील. एका बाभळीचं खोड काढायचं होतं. त्याने साखळी सीटखाली, नांगराची वरची दांडी जिथे बसते तिथे अडकवायला घेतली. मी होतो तिथे. मी त्याच्या हातातून साखळी काढून घेतली.

बंधूंनो, हे नीट ऐका. मागच्या आसाच्या वर बांधून ओढायला गेलात आणि खोड हललं नाही, तर चाक फिरायचं सोडून ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. पुढची चाकं वर, ट्रॅक्टर उताणा, आणि खाली माणूस. सावरायला एक क्षणही मिळत नाही. हेन्री फोर्डच्या जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरची यासाठी फार अपकीर्ती होती. हॅरी फर्ग्युसनने तीन दांड्यांची जोडणी काढली, त्यात हा धोका टाळणं हाही एक हेतू होता. साखळी नेहमी आसाच्या खालच्या दांडीला. इंजिन जोरदार केलं, म्हणजे हा धोका कमी होत नाही, वाढतो. ते खोड शेवटी कुऱ्हाडीने आणि पहारीने निघालं.

आता ट्रॅक्टर चालतो आहे. पहिले पन्नास तास त्याने ओझं बेताचं ठेवलं, पहिलं ऑइल लवकर बदललं, हेडचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळले. पेट्रोलचा भाव पाहता रोजच्या नांगरटीला हा ट्रॅक्टर परवडत नाही, हे तोही जाणतो. त्यासाठी घरी डिझेल आहे. हा मळणीला लावतात, आणि गावच्या बैलपोळ्याला धुऊन, हार घालून बैलांच्या मागे नेतात.

पहिल्यांदा सुरू केला, त्या दिवशी आजोबांना खुर्चीवर बसवून अंगणात आणलं होतं. त्यांना आता दिसत नाही. सारं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "मास्तर, आवाज थोडा जाड झालाय न्हवं?"

मी म्हटलं, "झालाय, आबा. पाच मिलिमीटर जाड झालाय."